अलिंदातला वण आणि एएफ: '२२ टक्के फायब्रोसिस' या शेऱ्याचा अर्थ

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ५८, रक्तदाबाचा जुना त्रास, वजन जास्त. वर्षभरापासून येऊन-जाऊन एएफ, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन: हृदयाच्या वरच्या कप्प्यांची, अलिंदांची, बेताल थरथर. अॅब्लेशनच्या, म्हणजे कॅथेटरची बारीक नळी हृदयात घालून गडबडीच्या जागा डागण्याच्या, आधी हृदयाचा एमआरआय झाला आणि अहवालात शेरा आला: 'डाव्या अलिंदाच्या भिंतीत २२ टक्के फायब्रोसिस'. या वणामुळे एएफ सुरू झालं की एएफमुळे वण पडला? तो भरून येईल का? आणि एवढा वण असताना अॅब्लेशन करण्यात अर्थ आहे का?

आधी एक घोटाळा दूर करतो. हार्ट अटॅकनंतर उरतो तो वण वेगळा. तो बहुधा खालच्या कप्प्यात, डाव्या निलयात असतो. रक्तपुरवठा तुटून स्नायूचा सलग तुकडा मरतो आणि त्या जागी कोलॅजन हे चिवट धाग्यांचं प्रथिन घट्ट भरतं. त्यातून उद्भवणारा धोका म्हणजे व्हीटी, निलयातून येणारे जलद ठोके. अलिंदातला फायब्रोसिस बहुतेक वेळा विखुरलेला असतो. स्नायुपेशी जिवंत असतात, पण त्यांच्यामधल्या फटींत कोलॅजनचे धागे साचत जातात. जिथे पेशी खरोखर मेल्या तिथे बारीक ठिपके पडतात. त्यामुळे २२ टक्के भिंत मेली असं वाचू नका. भिंतीच्या २२ टक्के भागात गॅडोलिनियम हे औषध ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त रेंगाळलेलं दिसलं, इतकंच तो आकडा सांगतो.

आता हे कोलॅजन एएफला मदत कशी करतं ते पाहू. निरोगी अलिंदात विजेची लाट एका पेशीतून दुसरीत कनेक्सिन नावाच्या प्रथिनांच्या दारांतून जाते. ही दारं पेशींच्या टोकांना जास्त आणि बाजूंना कमी असतात, म्हणून लाट स्नायूच्या लांबीच्या दिशेने वेगात आणि आडवी हळू धावते. मध्ये कोलॅजन आलं की बाजूच्या पेशींचा संबंध आणखी तुटतो. शेताच्या पाटात दगड आले की पाणी जसं वळसे घेत, कुठे अडत पुढे जातं, तशी लाट नागमोडी जाते. एका बाजूने वाट बंद, दुसऱ्या बाजूने उशिरा उघडी, अशी स्थिती आली की लाट फिरून मूळ जागी परत येते आणि तोवर ती जागा पुन्हा पेटायला तयार झालेली असते. यालाच रीएन्ट्री म्हणतात.

साधं गणित मांडून पाहा. लाटेचा वेग गुणिले पेशीचा विश्रांतीकाळ (एकदा पेटल्यावर पुन्हा पेटायला तयार होईपर्यंतचा वेळ), म्हणजे लाटेने व्यापलेली लांबी. समजा वेग सेकंदाला ६० सेंटिमीटर आणि विश्रांतीकाळ २०० मिलिसेकंद. लांबी झाली १२ सेंटिमीटर. साधारण ४ सेंटिमीटर रुंदीच्या अलिंदात एवढं वर्तुळ बसवणं अवघड, म्हणून उठलेली गडबड विझते. आता वणाने वेग निम्मा केला आणि एएफमुळेच विश्रांतीकाळ १०० मिलिसेकंदांवर आला, तर लांबी उरते ३ सेंटिमीटर. मग अशी दोन-तीन वर्तुळं एकाच वेळी फिरू शकतात. त्यात अलिंद मोठं झालेलं असेल तर जागाही वाढते. वण, आकार आणि आखूड झालेला विश्रांतीकाळ, तिन्ही एकमेकांना हात देतात.

भर इतकीच नाही. अलिंदात फायब्रोब्लास्ट, म्हणजे कोलॅजन बनवणाऱ्या, पेशी मुळातच असतात. भिंतीवरचा ताण आणि अँजिओटेन्सिन-२, टीजीएफ-बीटा-१ ही शरीरातली रसायनं यांच्या इशाऱ्यावर त्यांचं मायोफायब्रोब्लास्ट या जास्त सक्रिय रूपात रूपांतर होतं. या पेशी कोलॅजन तर ओततातच, शिवाय प्रयोगशाळेत त्या शेजारच्या स्नायुपेशींशी विजेने जोडल्या जाऊन लाटेचा वेग कमी करतात असंही दिसलं आहे.

'आधी कोण' या प्रश्नाचं उत्तर प्राण्यांवरच्या दोन जुन्या प्रयोगमालिकांत सापडतं, आणि ते दोन्ही बाजूंनी आहे. मास्त्रिख्तच्या गटाने १९९५ साली बकऱ्यांमध्ये कृत्रिमरीत्या एएफ सतत चालू ठेवलं. सुरुवातीला काही सेकंदांत थांबणारं एएफ दोन-तीन आठवड्यांत बहुतेक बकऱ्यांत चोवीस तासांहून जास्त टिकू लागलं. एएफ स्वतःच स्वतःला पोसतं, हे तिथे ठरलं. पण तो बदल मुख्यतः विजेचा होता, विश्रांतीकाळ आखूड होण्याचा; ठोका नियमित झाला की तो काही दिवसांत मागे फिरतो. उलट १९९९ साली मॉन्ट्रियलच्या गटाने कुत्र्यांमध्ये निलयाला जलद ठोके देऊन हार्ट फेल्युअर निर्माण केलं. तिथे विश्रांतीकाळ आखूड झालाच नाही, तरी अलिंदात दाट फायब्रोसिस झाला आणि एएफ दीर्घकाळ टिकू लागलं. पुढच्या प्रयोगांत हृदयाची पंपिंगची ताकद परत आली तरी तो फायब्रोसिस तसाच राहिला.

तुमच्यासारख्या रुग्णात वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने आणि वजनाने अलिंदाची भिंत ताणली, वण सुरू झाला, मग एएफ आलं आणि एएफने त्यात भर घातली, हाच क्रम मला सर्वांत संभवनीय वाटतो. फक्त पहिली ठिणगी बहुतेक वेळा वणातून पडत नाही. बोर्दोच्या गटाने १९९८ साली ४५ रुग्णांत दाखवलं की एएफ सुरू करणाऱ्या जादा ठोक्यांचे ९४ टक्के उगम फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरांच्या, पल्मनरी व्हेन्सच्या, आत होते, तोंडापासून २ ते ४ सेंटिमीटरवर. ठिणगी शिरांतून येते आणि वण तिला जळायला जागा देतो. अॅब्लेशनचा सगळा विचार या एका वाक्यावर उभा आहे.

आता त्या २२ टक्क्यांकडे येतो. इथे जरा थांबणं गरजेचं आहे, कारण सर्वांत जास्त गैरसमज याच आकड्याभोवती होतात.

डाव्या अलिंदाची भिंत २ ते ३ मिलिमीटर जाडीची, काही ठिकाणी त्याहून पातळ. या तपासणीत एमआरआयचा एक चौकोन साधारण सव्वा मिलिमीटरचा असतो. म्हणजे संपूर्ण भिंत एक-दोन चौकोनांत मावते आणि शेजारी रक्त, बाहेर चरबी. गॅडोलिनियम टोचल्यावर १५ ते २० मिनिटांनी, श्वास आणि ठोका दोन्हींशी मेळ घालून चित्र घेतात. त्या वेळी एएफ चालू असेल, श्वास अनियमित असेल किंवा वेळ चुकली तर चित्र धूसर येतं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या डीकाफ या अभ्यासात, अनुभवी केंद्रं असूनही, ३२९ पैकी ५७ रुग्णांची चित्रं वाचण्याजोगी नव्हती. शिवाय उजळ कशाला म्हणायचं याची मर्यादा प्रत्येक सॉफ्टवेअरची वेगळी. एका केंद्राचे २२ टक्के दुसऱ्या केंद्रात १४ किंवा ३० येऊ शकतात. म्हणून स्कॅनच्या वेळी तुमचा ठोका नियमित होता का, चित्राची प्रत कशी होती आणि कोणत्या पद्धतीने टक्केवारी काढली, हे तीन प्रश्न रेडिओलॉजिस्टला जरूर विचारा. मूत्रपिंडाचा ईजीएफआर (रक्त गाळण्याच्या क्षमतेचा आकडा) ३० च्या खाली असेल तर गॅडोलिनियम जपूनच द्यावं लागतं, तेही लक्षात असू द्या.

डीकाफमध्ये चार टप्पे पाडले होते: १० टक्क्यांखाली पहिला, १० ते २० दुसरा, २० ते ३० तिसरा, ३० आणि त्यापुढे चौथा. अॅब्लेशननंतर ३२५ दिवसांपर्यंत एएफ परतण्याचं प्रमाण अनुक्रमे १५.३, ३२.६, ४५.९ आणि ५१.१ टक्के आलं. तुमचा आकडा तिसऱ्या टप्प्याच्या काठावर आहे. मोजण्यातली चूक धरली तर दुसऱ्यात की तिसऱ्यात हे छातीठोकपणे सांगता येणार नाही.

एमआरआयला पूरक, स्वस्त आणि दुर्लक्षित असे दोन पुरावे मात्र तुमच्याकडे आधीच असतील. पहिला, नियमित ठोक्याच्या वेळचा साधा ईसीजी. पी लाट, म्हणजे ईसीजीवरची अलिंदांची खूण, १२० मिलिसेकंद किंवा जास्त रुंद असेल आणि लीड २, ३, एव्हीएफमध्ये आधी वर मग खाली अशी दुहेरी दिसत असेल, तर दोन्ही अलिंदांमधली वरची वाट वणाने अडली आहे असं समजतात. दुसरा, इको. डाव्या अलिंदाचं आकारमान शरीराच्या प्रत्येक चौरस मीटरमागे ३४ मिलिलिटरपेक्षा जास्त म्हणजे मोठं. आता बऱ्याच ठिकाणी अलिंदाचा स्ट्रेन, म्हणजे भिंत किती ताणली जाते तेही मोजतात. निरोगी माणसात तो साधारण ३९ टक्क्यांच्या आसपास असतो, २० च्या खाली गेला की भिंत कडक झाली असं मानायला जागा आहे. पी लाट अरुंद, आकार ठीक आणि स्ट्रेन चांगला असेल, तर एमआरआयच्या २२ टक्क्यांवर मी फार भरवसा ठेवणार नाही. तिन्ही बिघडलेले असतील तर तो आकडा खरा धरून चालावं. वणाचा अंदाज घेणाऱ्या गॅलेक्टिन-३ वगैरे रक्ततपासण्यांनी उपचाराचा निर्णय बदलत नाही. त्यावर पैसे घालवू नका.

अॅब्लेशनच्या वेळी वण आणखी एका रीतीने दिसतो: कॅथेटरने आतून व्होल्टेजचा नकाशा काढतात. नियमित ठोक्यात ०.५ मिलिव्होल्टपेक्षा कमी आलं तर तो भाग रोगट धरतात. इथेही चुका होतात. कॅथेटर भिंतीला नीट टेकला नाही तर निरोगी भागही वणासारखा दिसतो. एएफ चालू असताना नकाशा काढला तर व्होल्टेज मुळातच कमी येतं आणि ०.५ ची मर्यादा लागू पडत नाही. एमआरआय आणि व्होल्टेज यांचे नकाशे पुष्कळदा तंतोतंत जुळत नाहीत, यात आश्चर्य नाही. दोन्ही वेगळ्या गोष्टी मोजतात.

मग साहजिक वाटतं की वण दिसतोच आहे तर तोही जाळून टाकावा. ऐकायला हे तर्कशुद्ध आहे, पण मोठ्या चाचणीत टिकलं नाही. २०२२ च्या डीकाफ-२ मध्ये पर्सिस्टंट, म्हणजे आपोआप न थांबणाऱ्या, एएफच्या ८४३ रुग्णांना दोन गटांत वाटलं. एका गटात फक्त पल्मनरी व्हेन्स भोवती डागून विजेच्या दृष्टीने अलिंदापासून वेगळ्या केल्या, दुसऱ्यात त्याबरोबर एमआरआयवर दिसलेल्या वणालाही डागलं. अलिंदाची गडबड परतण्याचं प्रमाण ४६.१ विरुद्ध ४३.० टक्के, म्हणजे ठोस फरक नाही. वण डागलेल्या गटात मात्र ६ जणांना मेंदूचा झटका आला, दुसऱ्या गटात एकालाही नाही. त्याआधी २०१५ च्या स्टार एएफ-२ मध्येही शिरांच्या पलीकडे जास्तीच्या रेषा आणि ठिपके डागून फायदा मिळाला नव्हता. व्होल्टेज नकाशावर आधारलेल्या इरेझ-एएफ या लहान चाचणीत जास्तीचं डागणं उपयोगी दिसलं, म्हणून वाद पूर्ण मिटलेला नाही. पण येऊन-जाऊन असणाऱ्या एएफमध्ये पहिल्याच वेळी वण डागण्याचा आग्रह कुणी धरला, तर दुसरं मत घ्या.

याला आणखी एक कारण आहे. अॅब्लेशन म्हणजे मुद्दाम पाडलेला वणच. तो शिरेभोवती सलग, आरपार असला तर काम करतो. मध्ये फट राहिली तर त्या फटीतून लाट फिरते आणि एएफच्या जागी अलिंदाचा फ्लटर, म्हणजे एकाच वाटेने गोल फिरणारे जलद ठोके, सुरू होतो, जो गोळ्यांना अनेकदा जास्त हट्टी असतो. आणि आधीच वणाने भरलेल्या अलिंदात बेसुमार डागलं, तर ते इतकं ताठर होतं की ठोका नियमित असूनही चालताना धाप लागते, कारण अलिंदातला दाब चढलेला राहतो. ही गुंतागुंत विरळ आहे, पण तिच्यावर सोपा उपाय नाही.

तर अॅब्लेशन करावं का? एएफ येऊन-जाऊन आहे, त्रास होतो आहे आणि वर्षच झालं आहे. २२ टक्के हे नकार देण्याचं कारण नाही. उलट थांबलात तर वण वाढायला वेळ मिळतो. २०२० च्या ईस्ट-एएफनेट ४ मध्ये निदानानंतर वर्षाच्या आत ठोका नियमित ठेवण्याचे उपचार सुरू केलेल्यांत हृदयविकाराने मृत्यू, मेंदूचा झटका आणि हृदयाच्या तक्रारींसाठी भरती या घटना एकत्र धरता कमी झाल्या. शिवाय 'परतलं' याची व्याख्या फार कडक आहे: ३० सेकंदांचा एक झटका नोंदला तरी अपयश. सर्का-डोस चाचणीत छातीत बसवलेल्या यंत्राने मोजल्यावर वर्षभर पूर्ण मुक्त राहिलेले जेमतेम निम्मे होते, पण एएफमध्ये जाणारा एकूण वेळ ९८ टक्क्यांहून जास्त घटला होता. रुग्णाला जाणवतो तो हा दुसरा आकडा. डॉक्टरांशी बोलताना 'बरं होईल का' यापेक्षा 'किती कमी होईल, आणि दुसऱ्यांदा करावं लागण्याची शक्यता किती' असं विचारा.

गोळ्या निवडतानाही एमआरआय कामी येतो, पण अलिंदाचा नव्हे, निलयाचा भाग. निलयात वण असेल किंवा हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असेल तर फ्लेकेनाइड ही ठोका नियमित ठेवणारी गोळी वर्ज्य. १९८९ च्या कास्ट चाचणीत अटॅक येऊन गेलेल्या रुग्णांत त्याने मृत्यू वाढले होते. निलय स्वच्छ असेल आणि एएफसोबत पंपिंगही कमी झालं असेल, तर ती चांगली खूण मानायची: कॅमेरा-एमआरआय चाचणीत निलयात वण नसलेल्यांची पंपिंगची ताकद अॅब्लेशननंतर जास्त सुधारली. अमिओडॅरोन हे त्याच कामाचं दुसरं औषध वणाची पर्वा न करता चालतं, पण थायरॉइड आणि लिव्हरच्या तपासण्या सहा-सहा महिन्यांनी कराव्या लागतात आणि फुप्फुसावर लक्ष ठेवावं लागतं.

गुठळीचा प्रश्न वेगळा धरा. वण जास्त असलेल्या अलिंदात रक्त रेंगाळतं आणि मेंदूच्या झटक्याशी त्याचा संबंध अभ्यासांत दिसला आहे. तरीही रक्त पातळ करणारी गोळी द्यायची की नाही, हे टक्केवारीवर ठरत नाही. ते चॅड्स-व्हॅस्क या झटक्याचा धोका मोजणाऱ्या गुणांवर ठरतं, त्यातले मुख्य मुद्दे: हार्ट फेल्युअर, रक्तदाब, वय, मधुमेह, आधीचा झटका, रक्तवाहिन्यांचा आजार. रक्तदाबाचा तुमचा १ गुण आहे, तेव्हा गोळीचा विचार करावा असा सल्ला असतो. ६५ ला आणखी एक मिळेल. आर्केडिया चाचणीत एएफ नसलेल्या, पण अलिंद रोगट दिसणाऱ्या आणि झटक्याचं कारण न सापडलेल्या रुग्णांत अपिक्सबान ही रक्त पातळ करणारी गोळी ॲस्पिरिनपेक्षा सरस ठरली नाही, म्हणजे निव्वळ रोगट अलिंद हे गोळीचं कारण नाही. उलट बाजूही सांगतो: अॅब्लेशन यशस्वी झालं म्हणून गोळी आपोआप बंद होत नाही. नंतरचे दोन-तीन महिने ती सर्वांना लागते, पुढे गुण बघून. संधिवाती तापाने मायट्रल झडप अरुंद झालेली असेल तर गुण मोजत बसायचं नाही. तिथे वॉरफरिन, आणि रक्त किती पातळ झालं हे सांगणारा आयएनआर २ ते ३. इनव्हिक्टस चाचणीत, सुमारे साडेचार हजार अशा रुग्णांत, रिव्हरोक्सबान हे रक्त पातळ करणारं नवं औषध वॉरफरिनच्या गटातल्या औषधांपेक्षा कमी पडलं.

वण भरून येईल का? साचलेलं कोलॅजन विरघळवणारं सिद्ध औषध अलिंदासाठी आज नाही. अँजिओटेन्सिन अडवणाऱ्या औषधांवर फार आशा होती, पण जिस्सी-एएफ चाचणीत १,४४२ रुग्णांत वॅल्सार्टनने एएफ परत येणं थांबलं नाही. रक्तदाबासाठी ती चांगली आहेत, वण पुसण्यासाठी नाहीत. मधुमेहात डॅपाग्लिफ्लोझिन आणि मधुमेहासह मूत्रपिंडाच्या आजारात फिनेरेनोन घेणाऱ्यांत नवं एएफ कमी दिसलं. ती औषधं त्या आजारांसाठी लागतच असतील तर हा जास्तीचा लाभ.

खरा परिणाम दिसतो तो वण वाढवणारा ताण कमी केल्यावर. अॅडलेडच्या लेगसी अभ्यासात १० टक्के किंवा जास्त वजन उतरवून टिकवणाऱ्यांत एएफमुक्त राहण्याची शक्यता सहापट होती. वजन ५ टक्क्यांहून जास्त वरखाली झालं तर फायदा बराचसा वाया गेला. म्हणजे ९० किलो असाल तर ९ किलो, आणि ते सावकाश. रक्तदाब १३०/८० च्या खाली, तोही घरी मोजून. झोपेत घोरणं आणि श्वास अडकणं असेल तर स्लीप स्टडी करून घ्या. प्रत्येक अडकलेल्या श्वासाला छातीतला दाब बदलून अलिंद ताणलं जातं. दारू घेत असाल तर थांबवा: २०२० च्या एका चाचणीत नियमित पिणाऱ्या १४० जणांपैकी ज्यांना बंद करायला सांगितलं त्यांच्यात एएफ परतण्याचं प्रमाण ५३ टक्के, चालू ठेवणाऱ्यांत ७३ टक्के आलं. हे सगळं अॅब्लेशनच्या आधी सुरू करा, नंतर नव्हे. पण तारीख पुढे ढकलण्यासाठी त्याची सबब करू नका.

अॅब्लेशन केलंच तर पुढच्या साधारण दोन महिन्यांत ताप, गिळताना दुखणं किंवा बोलण्या-हातापायात अचानक फरक, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालयात जा आणि अॅब्लेशन झालेलं आहे हे पहिल्या वाक्यात सांगा. अलिंद आणि अन्ननलिका यांच्यामध्ये भोक पडणं फार विरळ, पण जीवघेणं असतं. तिथे आधी छातीचा कॉन्ट्रास्ट सीटी करतात. एंडोस्कोपी करू देऊ नका, कारण फुगवलेली हवा थेट मेंदूपर्यंत जाऊ शकते.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत एएफचे झटके आले तर घाबरू नका. डागलेल्या जागेची सूज उतरेपर्यंत ते येतात आणि त्यावरून निकाल लावत नाहीत. त्यानंतरही टिकून राहिले तर 'वण जास्त होता म्हणून' हे उत्तर लगेच मान्य करू नका. आधी शिरा पुन्हा जोडल्या गेल्या आहेत का ते दुसऱ्या प्रक्रियेत तपासायला हवं. जोडलेल्या असतील तर त्या पुन्हा बंद करायच्या. चारही शिरा पक्क्या बंद असूनही एएफ येत असेल, तेव्हाच अलिंदाच्या भिंतीतल्या वणाकडे बोट दाखवता येतं. तेव्हा नवा एमआरआय काढलाच तर तो प्रक्रियेनंतर किमान तीन महिन्यांनी, त्याच केंद्रात, त्याच पद्धतीने काढा, आणि डागलेल्या रेषा त्यात उजळ दिसणारच, त्या टक्केवारीतून वगळल्या आहेत ना याची खात्री करून घ्या.